जपानी भांडं पालथं घालून बघा!

नेरे गावात अजून कुणाच्या फळीवर लोणच्याची चिनीमातीची बरणी असेल, तर जपानी भांडं बघायची शिकवणी घरीच सुरू होते. रिकामी बरणी पालथी घाला. बुडाची कड उघडी, खरखरीत लागेल. तिथे झिलई मुद्दाम ठेवत नाहीत, कारण भट्टीत ती वितळून काच होते आणि भांडं खालच्या फळीला कायमचं चिकटतं. जपानी चहासमारंभात चहा संपला की पाहुणे वाडगा अलगद उलटून हीच कड न्याहाळतात. मूळ माती दिसते ती तिथेच, आणि कुंभाराचा हातही.

आकार? १६व्या शतकात चोजिरोने चहागुरू सेन नो रिक्यूसाठी राकू वाडगे घडवले, तेही चाकाशिवाय, नुसत्या हातांनी. म्हणून ते किंचित वेडेवाकडे. दोन्ही तळव्यांत मात्र नेमके बसतात.

झिलईच्या काचेला सिलिका लागते, आणि भाताच्या तुसाच्या राखेत ती ९० टक्क्यांच्या आसपास! जपानातल्या करात्सु, हागीकडच्या कुंभारांनी भाताच्या राखेतून दुधाळ पांढरी झिलई काढली. आपल्याकडे गिरणीमागे ढीग पडतो तेच हे तूस.

बरणीचा तपकिरी रंग लोहाचा. तेच लोह एक-दोन टक्के घालून कमी हवेत भाजलं तर फिकट हिरवी झिलई मिळते. आठ-दहा टक्के घातलं की काळीभोर तेनमोकू. निळसर चकाकत्या ठिपक्यांचे ‘योहेन’ तेनमोकू वाडगे तर जपानचे राष्ट्रीय ठेवे. आहेत फक्त तीन. आणि गंमत म्हणजे तिन्ही घडले चीनमध्ये!

हागीच्या झिलईला बारीक तडे असतात. त्यांतून चहा मुरतो, वाडग्याचा रंग वर्षानुवर्षं बदलत जातो. आपण दुकानदाराला परत केला असता. तिथे रसिक त्याची वाट बघतात.

माझी आवड मात्र बिझेन, म्हणजे झिलईच नाही! हे ओकायामा प्रांतातलं काम. पुण्यात सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या कोराकुएन बागेवरून बेतली, तीही ओकायामातलीच. बिझेनची भट्टी लाकडावर कित्येक दिवस धगधगते. उडालेली राख भांड्यावर पडून वितळते आणि तीळ पेरल्यासारखे ठिपके उठतात. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मधे भाताचा पेंढा घालत. पेंढा लागला तिथे लालभडक रेघा उमटल्या. त्या इतक्या आवडल्या की पुढे कुंभार पेंढा मुद्दाम गुंडाळू लागले.