उताऱ्यावर तिचं नाव

पेरणी, खुरपणी, भाताची लावणी, कापसाची वेचणी, गोठ्यातलं शेणपाणी. मराठी मुलखातल्या शेतीतली ही कामं मुख्यतः बायकांच्या हातची. देशाच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांमागे साधारण तिघी शेतीत राबतात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत मात्र वहितीधारक म्हणून नोंदल्या गेलेल्यांत स्त्रिया होत्या जेमतेम १४ टक्के, आणि त्यांच्याकडची जमीन एकूण क्षेत्राच्या १२ टक्क्यांनाही पोचत नव्हती.

स्त्री-पुरुष विषमतेची चर्चा सुरू झाली की बोलणं लवकरच मानसिकतेवर येतं आणि तिथेच थांबतं. मानसिकता असतेच. पण घर कुणाचं, जमीन कुणाची, कर्ज कुणाच्या सहीवर मिळतं, यावर ती पोसली जाते. सातबाऱ्यावर नाव नसलं की पीककर्जाची गोष्टच निघत नाही. सन्मान निधीचा हप्ता खातेदाराला येतो, अतिवृष्टीच्या भरपाईची यादीही उताऱ्यावरूनच बनते. विदर्भ-मराठवाड्यात कर्जापायी नवऱ्याने जीव दिल्यावर मागे राहिलेल्या कितीतरी बायकांना सुतकातून उठून तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी खेटे घालावे लागले. घेणेकरी वसुलीला त्यांच्याच दारात येत होते, आणि उताऱ्यावर त्या कुठेच नव्हत्या.

मालकीचा संबंध घरातल्या मारहाणीशीही आहे. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केलेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या नावावर ना घर ना जमीन, अशा विवाहित स्त्रियांपैकी ४९ टक्के जणींनी नवऱ्याचा मार सोसला होता. घर आणि जमीन दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. केरळ म्हणजे स्त्रीशिक्षणात देशाच्या पुढे असलेलं राज्य. तिथेही हा फरक. उठून जायला स्वतःची जागा आहे, ही गोष्ट दोघांनाही माहीत असली की हात उगारण्याआधी विचार होतो.

हे आपल्याकडचंच दुखणं आहे असं समजायचं कारण नाही. इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या बाईची मालमत्ता १८८२ च्या कायद्यापर्यंत बहुतांशी नवऱ्याच्याच ताब्यात जाई. फ्रान्समध्ये नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरायला आणि स्वतःचं बँक खातं उघडायला विवाहितेला १९६५ साल उजाडावं लागलं. स्वित्झर्लंडच्या कायद्यात नवरा हाच कुटुंबप्रमुख होता, तो थेट १९८८ पर्यंत. श्रीमंती आली की समता आपोआप येते, या समजुतीला या तारखा पुरेसं उत्तर देतात.

उलट बाजूचं उदाहरण मेघालयातलं. खासी समाजात वंश आईकडून चालतो आणि वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे जातं. उरी ग्नीझी, केनेथ लेनर्ड आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी खासी स्त्री-पुरुष आणि टांझानियातले मसाई स्त्री-पुरुष यांना एकच खेळ दिला: ठरावीक मोबदला घ्या, किंवा दुसऱ्याशी स्पर्धा करून जास्त कमवा. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मसाईंमध्ये स्पर्धा निवडणारे पुरुष स्त्रियांच्या जवळपास दुप्पट होते, तर खासींमध्ये स्पर्धेला जास्त संख्येने उतरल्या त्या बायका. बाईचा स्वभावच मागे राहण्याचा, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा. खासींमध्येही गावसभेचा कारभार परंपरेने पुरुषांकडेच राहिला, हेही विसरता येत नाही. घर मिळालं म्हणजे सत्ता मिळाली असं नाही.

आपल्याकडे कायद्याची वाट लांबली. डॉ. गो. वि. देशमुख यांच्या पुढाकाराने झालेल्या १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता हक्क दिला. पण तो शेतजमिनीला लागू होत नाही, असा निकाल पुढे फेडरल कोर्टाने दिला. हिंदू कोड बिल रखडलं आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडलं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मिळकतीत वाटा मिळाला. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र जन्माने हक्क मिळे तो मुलालाच. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींनाही सहदायाद, म्हणजे जन्माने वाटेकरी, मानलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. ती अट २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने काढली, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क शाबूत राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये नक्की केलं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्याने मुलगा-मुलगी समान वारस आहेत, आणि एरवी काही ठरलेलं नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची मिळून होते.

तरीही उतारे बदलले नाहीत. याचं कारण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सापडतं. वडील गेले, वारसनोंदीत भावांबरोबर बहिणींची नावं लागली, की काही महिन्यांत हक्कसोडपत्राचा विषय निघतो. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर दस्त होतो. ‘लग्नात खर्च केला तोच तुझा वाटा,’ असं भाऊ म्हणतो, आई गप्प राहते, आणि ताई सही करते. तिला भोळी म्हणणं चूक आहे. सासरी पटलं नाही, नवरा गेला, आजारपण आलं, तर जायला एकच दार असतं, माहेरचं. दुसरा कुठला विमा तिच्याकडे नाही. वाटा मागितला तर भाऊबीजेला भाऊ येणार नाही, आणि अडल्यावेळी दार उघडणार नाही, ही भीती खरी आहे. तशी नाती तुटलेली तिने पाहिलेली असतात. लाखांची जमीन देऊन ती त्या दाराची हमी विकत घेते.

आणि इथे एक गोष्ट फार क्वचित बोलली जाते. त्याच वेळी तिच्या सासरी तिची नणंदही सही करत असते. म्हणजे माहेरचा वाटा तिने सोडला, सासरचा वाढला; पण वाढलेला वाटा चढला नवऱ्याच्या नावावर. दोन्ही घरच्या जमिनी बायकांच्या सह्यांनी हलतात आणि दोन्हीकडे त्या पुरुषांच्याच खात्यात जाऊन बसतात. सगळ्या सह्या कायदेशीर, सगळ्या ‘राजीखुशीने’. मला हे आजच्या विषमतेचं सगळ्यात चिवट यंत्र वाटतं.

ज्यांच्याकडे जमीनच नाही किंवा आहे ती कोरडवाहू, त्यांच्या कष्टालाही वेगळं नाव मिळत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल बहुधा पुरुषाच्या हातात पडते, आणि खाडा झाला की दंड मात्र जोडीला बसतो. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी सरकारने २०१९ मध्ये केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली आढळली.

उताऱ्यावरचं हे चित्र बदलण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न महाराष्ट्रातल्याच शेतकऱ्यांनी केला होता. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन झालं, तेव्हा लाखांनी बायका जमल्या. त्यानंतर शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करा. ज्या गावात शंभर कुटुंबं असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. ही मागणी शहरातल्या चर्चासत्रातून आली नव्हती, कर्जाने गांजलेल्या शेतकऱ्यांच्या संघटनेतून आली होती, याचं मला आजही अप्रूप वाटतं. १९९२ मध्ये सरकारनेही परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज केला तर पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावावं. अडचण त्या अर्जातच आहे. तो करायचा की नाही, हे नवऱ्याने ठरवायचं.

रवांडाने दुसरी वाट धरली. १९९४ च्या नरसंहारानंतर कितीतरी घरांत कर्ते पुरुष उरले नव्हते. १९९९ च्या कायद्याने मुलीला समान वारसा मिळाला आणि पुढे देशभर सुमारे एक कोटी तुकड्यांची मोजणी होऊन पती-पत्नी दोघांची नावं लागली. लग्नाची कायदेशीर नोंद नसलेल्या बायका मात्र वगळल्या गेल्या. इथिओपियात काही प्रांतांच्या जमीन प्रमाणपत्रांवर नवरा-बायको दोघांचे फोटोही लावले गेले. या देशांत नाव लावणं सरकारी मोजणीचाच भाग झालं. कुणाच्या मर्जीवर ते सोडलं नाही.

आपल्याकडे नाव लागलं तरी एक फट उरते. मूल आणि नवरा नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली, तर वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची स्वकष्टार्जित मिळकत आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, आईवडिलांकडे नंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असंच प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत ती विधवा झाली, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरी शिकून ती नोकरीला लागली. आणि तिची सगळी पुंजी गेली त्याच सासरकडे. म्हणून स्वतः कमावणाऱ्या प्रत्येक बाईने मृत्युपत्र करून ठेवावं, असं मी आग्रहाने सांगते. ते साध्या कागदावर करता येतं. मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात.