सर सिरिल बर्ट आणि न बदलणारा आकडा

एखाद्या संशोधकाची योग्यता ठरवावयाची झाली, म्हणजे विद्यापीठांत दोन प्रश्न विचारले जातात. त्याने लेख किती लिहिले? आणि इतरांनी आपल्या लेखांत त्याचा हवाला किती वेळा दिला? (ते लेख नीट वाचले कोणी, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.) या दोन्ही कसोट्यांना पुरेपूर उतरलेल्या एका मानसशास्त्रज्ञाची ही हकीकत आहे. शिक्षकांनी ती मुद्दाम वाचावी, कारण तिचा संबंध शाळेतल्या मुलांशी आहे.

सिरिल बर्ट यांचा जन्म १८८३ साली इंग्लंडात झाला. १९१३ साली लंडनच्या कौंटी कौन्सिलने त्यांना शाळांसाठी मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमले. अभ्यासात मागे पडणाऱ्या आणि वाईट मार्गाला लागलेल्या मुलांविषयीचे त्यांचे काम मोलाचे होते, हे आधीच सांगितले पाहिजे. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. १९४६ साली 'सर' हा किताब मिळाला. निवृत्तीनंतरही लेखणी थांबली नाही. लेख तर शेकड्यांनी!

त्यांचे म्हणणे असे, की बुद्धी ही मुख्यतः जन्माबरोबरच येते. हे सिद्ध कसे करावयाचे? जुळ्यांवरून. एकाच बीजापासून झालेली जुळी भावंडे जन्मजात गुणांत सारखी असतात. त्यांची ताटातूट होऊन ती वेगवेगळ्या घरी वाढली आणि तरीही बुद्धी सारखीच निघाली, तर श्रेय रक्ताला द्यावे लागते. हा सारखेपणा सहसंबंधांकाने मोजतात. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे तंतोतंत जुळणी. बर्ट यांनी १९५५ साली अशा २१ जोड्यांचा आकडा दिला : ०.७७१. १९५८ साली जोड्या तीसाच्या वर गेल्या, आकडा ०.७७१. १९६६ साली जोड्या ५३, आणि आकडा पुन्हा ०.७७१!

आता तुम्ही २१ पोती ज्वारी तोलून सरासरी वजन काढा. मग आणखी ३२ पोती त्यांत मिळवून पुन्हा काढा. सरासरी जवळपास येईल. पण ग्रॅमपर्यंत तीच येईल काय? आली, तर घरची म्हातारीसुद्धा म्हणेल, "अरे, दुसऱ्यांदा तराजू हातात धरलाच नाहीस तू!"

विद्वानांना मात्र हे दिसायला १९७४ साल उजाडले. अमेरिकेतील लिऑन कामिन यांनी ते दाखवून दिले. बर्ट त्याआधीच, १९७१ साली, निवर्तले होते. मधल्या काळात त्या आकड्यावर काय काय उभे राहिले पाहा. गोऱ्या व काळ्या मुलांच्या बुद्धिगुणांकांतील तफावतीवर आर्थर जेन्सन यांनी १९६९ साली जो गाजलेला लेख लिहिला, त्याला बर्ट यांच्या जुळ्यांचा आधार होता. इंग्लंडात १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवरून मूल ग्रामर शाळेत जाणार की नाही, हे ठरू लागले. ही परीक्षा एकट्या बर्ट यांनी आणली असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण तिच्यामागच्या विचाराला त्यांच्या नावाचे मोठे वजन होते.

१९७६ साली 'संडे टाइम्स'ने नवीच गोष्ट उघड केली. बर्ट यांच्या लेखांत सहायक म्हणून ज्यांची नावे येत, त्या मिस हॉवर्ड आणि मिस कॉनवे यांचा कोठे ठावठिकाणाच लागेना. १९७९ साली चरित्रकार हर्नशॉ यांनीही आकडे बनावट असल्याचाच निर्वाळा दिला. पुढे १९८९ आणि १९९१ साली दोन ग्रंथकार बर्ट यांच्या बचावासाठी पुढे आले. हा निष्काळजीपणा असेल, लबाडी सिद्ध होत नाही, असा त्यांचा एकूण सूर. कागद तपासून सोक्षमोक्ष लावावा, तर बर्ट यांच्या मृत्यूनंतर पेट्याच्या पेट्या कागद जाळले गेले होते. माझ्या मते निष्काळजीपणाने आकडे चुकतात. तीन-तीनदा तेच राहत नाहीत.

गंमत अशी, की १९९० साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील संशोधकांनी ताटातूट झालेल्या जुळ्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा आकडा ०.७ च्या आसपास आला. म्हणजे बर्ट यांचे उत्तर फारसे लांब नव्हते. पण ती मुले बहुतेक खाऊनपिऊन सुखी घरांत वाढलेली होती. अत्यंत हलाखीत वाढणाऱ्या मुलांना हा निष्कर्ष लावू नये, असे त्या संशोधकांनी स्वतःच बजावून ठेवले आहे.