हंगामाचा ताळेबंद

मार्चअखेर जवळ आली की बँकांच्या शाखांमधून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. वर्षभराच्या नोंदी ताडून पाहिल्या जातात, राहिलेली येणी-देणी मांडली जातात आणि मगच नव्या वर्षाचे पान उघडते. साधारण त्याच सुमारास देशातील स्थानिक क्रिकेटचा मुख्य हंगामही सरत आलेला असतो. फरक एवढाच, की खेळाडू आपल्या शरीराचा हिशेब असा क्वचितच मांडतो. शेवटचा सामना होतो, संघाचे छायाचित्र निघते, सत्कार होतो आणि खेळाचे सामान माळ्यावर जाते. गुडघ्याची तीन महिन्यांची कुरकुर, चेंडू फेकताना खांद्यात उठणारी कळ, सकाळी अंथरुणातून उठताना आखडलेला घोटा या साऱ्यांवर एकच उपाय योजिला जातो : ‘आता सुट्टीच आहे, आपोआप बरे होईल.’

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी क्रिकेट, हॉकी, कबड्डी, बॅडमिंटन अशा अनेक खेळांतील गुणवंतांना नोकरी देऊन आपले संघ उभे केले. शिवाय जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसारख्या शर्यतींमुळे दिवसभर खुर्चीत बसून काम करणारे असंख्य स्त्री-पुरुषही आज हंगामी धावपटू झाले आहेत. त्यामुळे स्पर्धांनंतरची भौतिकोपचार तपासणी, म्हणजेच फिजिओथेरपिस्टकडून करून घ्यावयाची शरीराची पाहणी, हा केवळ नामांकित खेळाडूंचा विषय राहिलेला नाही.

वेदना थांबते, उणीव उरते

विश्रांतीने दुखणे थांबते, हे खरे. परंतु विश्रांतीने गमावलेली क्षमता परत येत नाही. हंगामानंतरच्या तपासणीचे सारे महत्त्व या एका वाक्यात सामावलेले आहे.

टाचेमागची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा, हे याचे उत्तम उदाहरण होय. दुखावलेली कंडरा सकाळी आखडते, थोडी हालचाल झाली की मोकळी होते आणि खेळानंतर पुन्हा ठणकते. खेळाडू दोन महिने खेळ थांबवितो, ठणका नाहीसा होतो आणि आपण बरे झालो असे त्याला वाटते. वास्तविक भार न मिळाल्यामुळे कंडरेची सहनशक्ती या दोन महिन्यांत आणखी घटलेली असते. नवा हंगाम सुरू होताच पहिल्याच आठवड्यात पूर्ण जोराने सराव होतो आणि जुने दुखणे व्याजासह परत येते. कंडरेला विश्रांतीइतकीच टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या भाराची गरज असते आणि त्या कामास साधारणपणे १२ आठवडे किंवा अधिक काळ लागतो. एवढा सलग अवधी दोन हंगामांच्या मधल्या काळातच मिळू शकतो. म्हणूनच तपासणी नव्या हंगामाच्या तोंडावर न करता जुना हंगाम संपताच करावयाची असते. सराव सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात दोष सापडला, तर तो दुरुस्त करण्यास दिवसच उरत नाहीत.

हाडांचे गणित याहून वेगळे आणि अधिक फसवे असते. हाड ही जिवंत वस्तू आहे. भार वाढला की शरीर तेथील जुना अस्थिभाग आधी काढून टाकते आणि मग नवा भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते. भरण्यास मात्र महिने लागतात. मधल्या काळात हाड तात्पुरते दुबळे असते. अशा वेळी विश्रांती न मिळाल्यास सूक्ष्म तडे जुळण्याऐवजी वाढत जातात आणि त्यांचे पर्यवसान ताणजन्य अस्थिभंगात, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये होते. वेगवान गोलंदाजांच्या कमरेच्या मणक्यांत तो विशेषत्वाने आढळतो आणि बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूस असतो. अतिरिक्त षटकांचा परिणाम त्याच दिवशी न दिसता तीन-चार आठवड्यांनी दिसू शकतो, हेही क्रिकेटमधील अभ्यासांतून पुढे आले आहे.

बुमराहचे उदाहरण

जसप्रीत बुमराहची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस वेस्ट इंडिजमधील किंग्स्टन कसोटीत त्याने हॅट-ट्रिक साधली. त्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच पाठीच्या खालच्या भागातील किरकोळ ताणजन्य अस्थिभंगामुळे तो दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटी मालिकेतून बाहेर पडल्याचे जाहीर झाले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मैदानात कोसळल्यामुळे ही दुखापत उघड झाली नव्हती. नेहमीच्या प्रतिमातपासणीत ती आढळली होती. जगातील उत्कृष्ट फलंदाजांना हतबल करणारा गोलंदाज कामगिरीच्या शिखरावर असतानाच त्याच्या मणक्यात तडा असू शकतो, याहून बोलका पुरावा कोणता? उत्तम कामगिरी हे निकोप शरीराचे प्रमाणपत्र नव्हे.

पाठीच्या दुखण्याने २०२२ मध्ये त्याला पुन्हा गाठले. ऑस्ट्रेलियातील टी-ट्वेंटी विश्वचषकास तो मुकला आणि मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये आयर्लंडविरुद्ध तो मैदानात परतला आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. जानेवारी २०२५ मध्ये सिडनी कसोटीत मात्र पाठीने पुन्हा अडविले आणि त्यामागून आलेली चॅम्पियन्स करंडक स्पर्धा त्याला खेळता आली नाही. एकदा दुखावलेला भाग पुन्हा दुखावण्याचा धोका अधिक असतो, हे क्रीडावैद्यकातील सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे. साहजिकच तपासणीचा पहिला प्रश्नही तोच असतो : ‘यापूर्वी काय झाले होते?’

तपासणीत काय पाहिले जाते

चांगला भौतिकोपचारतज्ज्ञ खेळाडूला लगेच झोपवून सांधे वाकवू लागत नाही. तो आधी ऐकतो. हंगामात किती सामने झाले, किती षटके टाकली, आठवड्याला किती किलोमीटर धावणे झाले, भार अचानक कधी वाढला, कोणत्या दिवशी गोळी घेऊन खेळावे लागले, झोप कशी आहे, या साऱ्याची नोंद होते. महिला खेळाडूंच्या बाबतीत मासिक पाळीविषयीचा प्रश्न संकोचामुळे टाळला जाऊ नये. श्रमांच्या मानाने आहार अपुरा पडल्यास पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे दुबळी होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या उर्जेच्या तुटीकडे जगाचे लक्ष वेधले आणि ती पुरुष खेळाडूंमध्येही आढळते हे स्पष्ट केले.

त्यानंतर सांध्यांच्या हालचालीचे मोजमाप होते. गोलंदाज, भालाफेकपटू, बॅडमिंटनपटू यांचा खांदा बाहेरच्या बाजूस अधिक वळतो आणि आतल्या बाजूस कमी. हा बदल काही अंशी खेळाशी झालेले जुळवून घेणेच असते. म्हणून दोन्ही दिशांच्या वळणांची बेरीज दुसऱ्या खांद्याशी ताडून पाहिली जाते. बेरीजच घटली असेल, तर लक्ष घालावे लागते. धावपटूचा घोटा, गोलंदाजाचा खुबा, कबड्डीपटूचा गुडघा असा खेळागणिक भर बदलतो.

तिसरी पायरी ताकदीची. हातात धरावयाच्या छोट्या बलमापकाने मांडीमागचे, जांघेचे, खुब्याचे व खांद्याचे स्नायू किती जोर लावतात हे आकड्यांत मिळते. शेवटी शरीर प्रत्यक्ष हालचालीत कसे वागते ते पाहतात : एका पायावर बसताना गुडघा आत झुकतो का, उडी मारून उतरताना दोन्ही पायांवर सारखा भार येतो का, एका पायावरच्या लांब उडीत किती अंतर कापले जाते. दुखावलेल्या पायाची कामगिरी निरोगी पायाच्या निदान ९० टक्के असावी, असा संकेत प्रचलित आहे. तथापि, त्यातही एक मेख आहे. दीर्घ विश्रांतीने दोन्ही पाय सारखेच दुबळे झाले असतील, तर टक्केवारी उत्तम दिसते आणि खेळाडू मात्र कमकुवतच असतो. खरी तुलना त्याच खेळाडूच्या आधीच्या वर्षीच्या आकड्यांशी व्हावयास हवी. पहिल्या वर्षीची तपासणी ही सुरुवातीची शिल्लक असते. तिचे मोल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कळते.

तपासणी म्हणजे भविष्यकथन नव्हे

येथे एक भ्रम दूर करणे आवश्यक आहे. कोणा खेळाडूला येत्या हंगामात दुखापत होईल आणि कोणाला होणार नाही, हे कोणतीही चाचणी खात्रीने सांगू शकत नाही. कमी गुण मिळालेला खेळाडू वर्षभर धडधाकट खेळतो आणि उत्तम गुणांचा खेळाडू एका चुकीच्या पावलाने जायबंदी होतो. तपासणीचे काम याहून साधे आणि अधिक उपयोगाचे आहे. कोणते दुखणे अर्धवट राहिले आहे, कोणत्या स्नायूची ताकद घटली आहे आणि हातातील आठवड्यांत कोणती कामे आधी हाती घ्यावयाची, हे ती सांगते. आखणी व अंमल न झाल्यास उत्तमातील उत्तम अहवालही कपाटातील कागदच राहतो.

अंमलाचे फळ मात्र निश्चित मिळते. गुडघे टेकून, घोटे धरून ठेवून, शरीर हळूहळू पुढे झुकवीत नेण्याच्या ‘नॉर्डिक’ व्यायामाने मांडीमागच्या स्नायूंच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसून आले. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक सतरंजी आणि पाय धरणारा सहकारी पुरतो. गुडघ्यातील पुढच्या तिरकस अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदानात उतरण्यास किमान ९ महिने थांबणाऱ्या आणि ताकद भरून काढणाऱ्या खेळाडूंमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीय कमी आढळते. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीचा हंगाम त्याने सोडला, जानेवारी २०२० मध्ये पुनरागमन करून ऑलिंपिकची पात्रता मिळविली आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकले. गमावलेला हंगाम वाया गेलाच असे नसते. तो कसा वापरला यावर पुढचे अवलंबून असते.

केव्हा आणि कशी

शेवटच्या सामन्यानंतर एक-दोन आठवडे शरीराला मोकळीक द्यावी. स्नायूंचा ताजा थकवा उतरल्यावर मिळणारे आकडे अधिक विश्वसनीय असतात. त्यानंतर तपासणी, मग काही आठवडे उणिवा भरून काढण्याचे व्यायाम, मग हळूहळू खेळाचा सराव आणि सराव पूर्ण जोमात येण्यापूर्वी फेरतपासणी, असा क्रम ठेवावा. पूर्ण निष्क्रियता मात्र नको. दोन ते चार आठवडे काहीच न केल्यास दमश्वास घटू लागतो. पोहणे, सायकल, चालणे यांनी तो टिकविता येतो.

खरी अडचण शाळकरी खेळाडूंची असते. मुंबईतील मुलाचाच विचार केला, तर हिवाळ्यात शालेय सामने, उन्हाळ्यात शिबिर आणि पुढे पावसाळ्यातील खेळासाठी ओळखली जाणारी कांगा लीग, असे चक्र बारा महिने फिरत राहू शकते. ज्याचा हंगामच संपत नाही त्याचा ताळेबंद कधी मांडावयाचा? वाढत्या वयातील हाडे अद्याप पक्की झालेली नसतात. अशा वेळी पालक व प्रशिक्षक यांनी वर्षातील काही आठवडे ठरवून मोकळे ठेवणे, हाच उपाय होय. सोळा वर्षांच्या गोलंदाजाची शाळा, क्लब आणि शिबिर यांतील षटके कोणीतरी एका वहीत एकत्र लिहिली पाहिजेत. तीन प्रशिक्षकांच्या तीन वह्यांत ती विखुरलेली असतील, तर धोका कोणालाच दिसत नाही.

ज्यांना तज्ज्ञ सहज उपलब्ध नाही, त्यांना घरच्या घरी काही नोंदी ठेवता येतील. भिंतीला बोटांचा आधार घेऊन एका पायाची टाच पूर्ण उचलावी व टेकवावी. निरोगी तरुण माणसाला हे साधारण २५ वेळा जमते. दोन पायांतील फरक लिहून ठेवावा. टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावावा आणि पाऊल भिंतीपासून किती दूर नेता येते ते मोजावे. दोन बाजूंत २ सेंटिमीटरांहून अधिक फरक दिसल्यास तो तज्ज्ञाच्या कानावर घालावा. दुखत असताना या चाचण्या करू नयेत.

काही लक्षणे मात्र वहीत लिहून थांबण्याची नाहीत. रात्री झोपेतून उठविणारी वेदना, हाडावर एका बोटाने दाखविता येईल असे नेमके दुखणे, हाता-पायात मुंग्या वा बधिरता, गुडघा अडकणे किंवा अचानक दगा देणे, पुन:पुन्हा येणारी सूज यांपैकी काहीही आढळल्यास अस्थिरोगतज्ज्ञ किंवा क्रीडावैद्यक तज्ज्ञ यांच्याकडे विनाविलंब जावे.

भारतात भौतिकोपचाराच्या शिक्षणाची सुरुवात १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, पोलिओने अधू झालेल्या मुलांना उभे करण्याच्या निकडीतून झाली. चालू न शकणाऱ्याला चालविण्यासाठी आलेली ही विद्या आज धावणाऱ्याला धावत ठेवण्याच्या कामी येत आहे. तिच्याकडे लंगडत जाण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. हंगाम संपला, की सामान माळ्यावर टाकण्यापूर्वी एक तास या हिशेबासाठी राखून ठेवावा. बाकी किती आहे हे कळले, तर ती फेडता येते. न कळलेली बाकी मात्र पुढच्या हंगामात ऐन सामन्यात वसूल होते.