बिनपोटाचा खादाड

कार्प माशाला जठर नसतं. तोंडात दातही नसतात. ते असतात घशात, चांगले दाढांसारखे, आणि शंख-शिंपले त्यांच्याखाली सहज भरडले जातात. जठर नसल्याने एकदा भरपेट खाऊन स्वस्थ पडून राहणं त्याला जमत नाही, तो सतत चरत असतो. ओठ नळीसारखे पुढे काढायचे, तळाचा गाळ आत ओढायचा, त्यातल्या अळ्या, किडे, बिया ठेवून घ्यायच्या आणि उरलेला चिखल थुंकून टाकायचा, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तो सायप्रिनस म्हणजे हाच कॉमन कार्प. शेततळ्यात तो गुणी आहे. पण जिथला नाही अशा एखाद्या तळ्यात शिरला की ते तळं मुळापासून बदलून टाकतो.

ट्राउटला हातही न लावता

ट्राउट आणि बास हे गळाने मासे धरणाऱ्यांचे आवडते मासे. कार्प ट्राउट खात नाही, बासही खात नाही. तरी दोघांची संख्या घटते. गाळ ढवळला की पाणी गढूळ होतं, ऊन तळापर्यंत पोचत नाही, पाणवनस्पती जगत नाहीत. ज्या तग धरतात त्या कार्पच्या उकराउकरीत उपटल्या जातात. गाळात दबलेला फॉस्फरस पाण्यात मिसळतो आणि शेवाळाचं फावतं. वनस्पती गेल्या की लहान माशांचा आडोसा गेला, अळ्या-किड्यांचं घर गेलं, पाणपक्ष्यांचा चारा गेला. नजरेने शिकार करणाऱ्या माशांना गढूळ पाण्यात भक्ष्य दिसत नाही. तिथे गळ टाकून बसणाऱ्याला मग काय मिळणार?

त्यात एक मोठी मादी एका हंगामात दहा लाखांहून जास्त अंडी घालू शकते.

खासदारांच्या शिफारशीने मासे

अमेरिकेत हा मासा चोरपावलांनी आला नाही. १८७७ मध्ये तिथल्या सरकारी मत्स्य आयोगाने युरोपातून कार्प मागवले. चविष्ट, काटक आणि झपाट्याने वाढणारा, गरिबाच्या ताटात हवा असा मासा म्हणून. वॉशिंग्टनमध्ये तळी राखून त्यांची पैदास केली. लोक आपापल्या खासदाराकडे अर्ज करायचे आणि कार्पची पिल्लं रेल्वेने गावोगाव रवाना व्हायची. १८८३ मध्ये सुमारे २,६०,००० कार्प वाटले गेले. देशातल्या ३०१ मतदारसंघांपैकी २९८ मतदारसंघांत ते पोचले! थोड्याच वर्षांत तक्रारी सुरू झाल्या, पण तोवर मासा नद्यांत उतरला होता.

टास्मानियातला फितूर

या सगळ्या गोष्टींत मला सर्वांत मोलाची वाटते ती टास्मानियाची. क्रिकेटपटू रिकी पाँटिंगच्या या ऑस्ट्रेलियन बेटावर मधल्या पठारात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, सोरेल आणि क्रेसेंट ही दोन उथळ जोडतळी आहेत. सोरेल म्हणजे ट्राउट पकडणाऱ्या हौशी मंडळींची पंढरी. ट्राउटही मुळात तिथला नव्हे. १८६४ मध्ये शेवाळात आणि बर्फात जपलेली त्याची अंडी इंग्लंडहून जहाजाने आणली होती. अस्सल स्थानिक आहे तो गोल्डन गॅलॅक्सियस, अंगावर ठिपके असलेला लहानसा सोनेरी मासा. जगात त्याचं मूळ घर म्हणजे हीच दोन तळी.

१९९५ मध्ये क्रेसेंटमध्ये कार्प सापडला आणि पाठोपाठ सोरेलमध्येही. कुणीतरी गळाला लावायला जिवंत मासे आणले असावेत, असा संशय होता. खरं तर तसं करणं बेकायदा. आपल्याच छंदासाठी आणलेल्या आमिषाने तो छंदच बुडावा, याचं वाईट वाटतं.

सरकारी मत्स्यसेवेने तळी लोकांसाठी बंद केली. तळ्यांतून क्लाइड नदी निघते. तिच्यात कार्प उतरू नये म्हणून पाणी बाहेर पडतं तिथे बारीक जाळ्या बसवल्या. काठालगतच्या दलदलीत मासे अंडी घालतात, म्हणून तिच्या तोंडाशी जाळी ताणली. मग जाळी टाकून आणि पाण्यात विजेचा हलका झटका देऊन मासे पकडणं सुरू झालं. सुरुवातीला ते भराभर हाती लागले. कस लागला तो पुढे, मोजकेच उरले तेव्हा. हजारो एकर पाण्यात पाच-पन्नास मासे शोधायचे कुठे?

त्यावर तोड निघाली ती अशी: पकडलेला नर कार्प मारायचा नाही. त्याचं पोट चिरून आत लहानसा रेडिओ ट्रान्समीटर बसवायचा, टाके घालायचे आणि त्याला परत पाण्यात सोडायचं. कार्पला सोबत लागते. पाणी तापलं, विणीचा हंगाम आला की नर माद्यांच्या शोधात निघतात आणि उथळ काठाला गोळा होतात. माणसं होडीत अँटेना फिरवत टिकटिक ऐकत राहायची. दोन-तीन ट्रान्समीटर एकाच जागी बोलू लागले, की तिथे जाळं पडायचं. बाकीचे मासे काढून घ्यायचे आणि फितुराला पुन्हा पुढच्या कळपाकडे पाठवायचं. येशूला पकडून देणाऱ्या शिष्याच्या नावावरून तिथे त्यांना ‘ज्युडास’ म्हणतात.

क्रेसेंटमधून पावणेआठ हजारांहून जास्त कार्प काढले गेले. शेवटचा २००७ मध्ये. एक तळं रिकामं करायला बारा वर्षं लागली! सोरेलने आणखी छळलं. २००९ च्या सुमाराला काही मासे नजर चुकवून व्याले आणि पुन्हा हजारोंनी पिल्लं झाली, सगळी मोहीम नव्याने उभी करावी लागली. तिथून काढलेल्या कार्पचा आकडा चाळीस हजारांवर गेला. तरी त्या लोकांनी काम सोडलं नाही. त्या चिकाटीपुढे हात जोडावेसे वाटतात.

तळहाताएवढा पहारेकरी

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या संशोधकांना वेगळाच प्रश्न पडला होता: कार्प काही तळ्यांत बेसुमार वाढतात, मग शेजारच्याच तळ्यात का नाही? उत्तर ब्लूगिल नावाच्या चपट्या, तळहाताएवढ्या स्थानिक माशात सापडलं. तो कार्पची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्लं फस्त करतो. पण उथळ तळी हिवाळ्यात गोठतात, बर्फाखालचा प्राणवायू संपतो आणि ब्लूगिल मरतात. वसंतात मोठे कार्प खोल तळ्यांतून नेमके या राखण नसलेल्या पाण्यात येऊन वितात. म्हणून काही ठिकाणी हिवाळाभर पाण्यात हवा सोडून ब्लूगिलला जगवलं जातं. शत्रूवर खर्च करण्यापेक्षा राखणदार जपायचा, ही अक्कल मला फार आवडली.

गळाला न लागणारा

कार्पच्या भावकीतला चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, तळ उकरत नाही. तो पाणी गाळतो. त्याच्या कल्ल्यांत स्पंजासारखी चाळण असते आणि तो प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, गाळून खातो. त्यामुळे गळाला लावलेल्या गांडुळाकडे तो सहसा बघतही नाही. पण जवळजवळ प्रत्येक माशाच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस प्लवंगांवरच काढावे लागतात. म्हणजे चंदेरा अन्नसाखळीच्या पायालाच हात घालतो.

अमेरिकेत तो १९७० च्या दशकात तळी स्वच्छ ठेवण्यासाठी आणला गेला, आणि सुटला. होडीच्या इंजिनाच्या आवाजाने बिथरून तो पाण्याबाहेर तीन मीटरपर्यंत उडी मारतो. इलिनॉय नदीवर असे मासे आदळून लोक जखमी झाले आहेत. त्याने मिशिगन सरोवर गाठू नये म्हणून शिकागोजवळच्या कालव्यात २००२ पासून विजेचा अडसर उभा आहे. लोकांनी तो खावा म्हणून इलिनॉय राज्याने २०२२ मध्ये त्याचं नवं नाव जाहीर केलं, ‘कोपी’.

भाक्राच्या पाण्यात

हे सगळं परदेशातच घडलं असं नाही. चंदेरा भारतात १९५९ मध्ये जपानहून आला. १९७१ च्या पुरात हिमाचलमधल्या एका मत्स्यबीज केंद्रातून काही मासे निसटले आणि भाक्रा धरणाच्या गोविंदसागरात पोचले. तिथलं पाणी त्यांना मानवलं. काही वर्षांत मासेमारांच्या जाळ्यात चंदेराच जास्त येऊ लागला. त्याच्याच अन्नावर जगणारा आपला कटला मागे पडला आणि गळ टाकणाऱ्यांचा लाडका महसीरही कमी झाला. चंदेराने तिथल्या कुटुंबांना मिळकत दिली हेही खरं, म्हणून त्याला सरसकट शिव्या घालणं मला पटत नाही. महसीरसाठी मात्र वेगळे कष्ट घ्यावे लागणार हे उघड होतं. हिमाचलात मछियालच्या सरकारी केंद्रात आता सोनेरी महसीरची पैदास होते. आपल्या लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या केंद्रात तर १९७० च्या दशकापासून महसीरची अंडी उबवून, बोटुकली वाढवून ती ठिकठिकाणच्या पाण्यात सोडायला दिली जातात.