पंचनाम्यावर सह्या कुणाच्या?

रात्री अकरा-साडेअकराला फोन येतो. "वकीलसाहेब, जयभीम. पोरगं विहिरीत सापडलंय. पोलीस येऊन गेले, पंचनामा झाला. आता पुढं काय करायचं?" सोलापूर जिल्ह्यातल्या वस्त्यांमधून गेल्या पंधरा-वीस वर्षांत असे किती फोन आले, याचा हिशेब आम्ही ठेवलेला नाही. पण "पंचनामा झाला" हे त्यातले वाक्य ठरलेले असते आणि आमचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: सह्या कुणाच्या?

एका प्रकरणात कागद हाती आले तेव्हा दिसले की, पंच म्हणून सही करणारे दोघेही ज्यांच्यावर घरच्यांचा संशय होता त्यांच्याच भावकीतले होते. सोबत बापाचा अंगठा असलेला जबाब होता. त्यात लिहिले होते, "मरणाबाबत आमचा कोणावर संशय नाही." बापाला विचारले तर तो म्हणाला, "प्रेत ताब्यात घ्यायला अंगठा लागतो म्हणाले, म्हणून दिला." अकस्मात मृत्यूची नोंद झाली. तिसऱ्या दिवशी आपला मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, निवेदन दिले गेले. पण ज्या कागदावर पुढचा सगळा खटला उभा राहणार होता, तो पहिल्याच दिवशी लिहून झाला होता!

कायदा काय सांगतो? संशयास्पद मृत्यूची खबर मिळाली की पोलिसांनी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना कळवावे, जागेवर जावे आणि शेजारपाजारच्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष प्रेताची पाहणी करून जखमा व मृत्यूचे सकृतदर्शनी कारण लिहावे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये हे होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये तेच आहे. मारले कुणी, हे या पंचनाम्याने ठरत नाही. पण जखम होती की नव्हती, कपडे फाटलेले होते की नव्हते, गळ्यावरचा वळ कुठून कुठे गेला होता, हे त्यात लिहिले नाही तर पुढे न्यायालयात ते जवळजवळ घडलेच नव्हते असे होते. आणि सगळी गोम "प्रतिष्ठित" या एका शब्दात आहे. जातीच्या गावात प्रतिष्ठित कोण, हे कायदा ठरवत नाही. ते गाव ठरवते.

हा रोग फक्त आपल्याच मातीतला नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिणेत, साउथ कॅरोलिनासारख्या राज्यांतल्या खेड्यापाड्यांच्या काउंटींमध्ये, कोरोनर नावाचा अधिकारी प्रेताजवळ ज्युरी बसवून मृत्यूचा निवाडा लिहीत असे. गुलामगिरीच्या काळात ही ज्युरी गोऱ्या पुरुषांची. मेलेला गुलाम काळा, मारणारा मालक किंवा मुकादम गोरा आणि गोऱ्याविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष चालत नसे. चाबकाने मेलेला माणूस "देवाच्या मर्जीने" मेला, असे लिहायला कितीसा वेळ लागणार? पुढे झुंडीने झाडाला टांगून मारण्याचे सत्र सुरू झाले, तेव्हा ज्युरीचे एक वाक्य जगप्रसिद्ध झाले: "अज्ञात इसमांच्या हातून मृत्यू." मारताना सारे गाव हजर आणि कागदावर मात्र सारे अज्ञात! आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार महिलेने १८९० च्या दशकात अशा हत्यांची नावनिशीवार नोंद छापली, ती यामुळेच.

पण त्याच राज्यात याच्या उलटही एकदा घडले. गुलामी संपल्यानंतरच्या काही वर्षांत काळ्या माणसांना मत मिळाले, पदे मिळाली. जुलै १८७६ मध्ये हॅम्बर्ग या गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने किमान सहा काळ्या माणसांना ठार मारले. कैद करून ठेवलेल्यांना ओळीने बाहेर काढून गोळ्या घातल्या. त्या गावचा न्यायाधिकारी होता प्रिन्स रिव्हर्स, एकेकाळचा गुलाम आणि यादवी युद्धातला सैनिक. मृत्यूची चौकशी त्याने चालवली. या वेळी कागदावर "अज्ञात इसम" नव्हते. ऐंशीहून अधिक गोऱ्यांची नावे आरोपी म्हणून नोंदली गेली. प्रेताजवळ कोण बसतो, यावर काय लिहिले जाते ते ठरते, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. त्यातल्या एकावरही खटला चालला नाही. त्या जमावातला बेन टिलमन पुढे राज्याचा गव्हर्नर आणि सिनेटर झाला. म्हणजे नुसता खरा कागद पुरत नाही, तो पुढे रेटणारी सत्ताही लागते. पण खरा कागद झाला, म्हणून मारेकऱ्यांची नावे आज दीडशे वर्षांनीही इतिहासाला ठाऊक आहेत. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. तेव्हा ही तुलना आम्ही आज शोधून काढलेली नाही.

आता आपल्याकडे या. इंग्रजांनी मुंबई शहरासाठी १८७१ च्या कायद्याने कोरोनर ठेवला. ते पद १९९९ साली बंद झाले. सोलापूरसारख्या जिल्ह्यांतल्या खेड्यांसाठी मात्र १८६७ चा ग्राम पोलीस कायदा होता. त्यात संशयास्पद प्रेताची पाहणी करण्याचे काम पोलीस पाटलाकडे आणि त्याने गोळा केलेल्या गावातल्या दोन-चार "समजदार" माणसांकडे. पाटीलकी वंशपरंपरागत. समजदार कोण, हे पाटलाने ठरवायचे. वतनदार महाराच्या वाट्याला काय? रखवाली करायची, निरोप घेऊन धावायचे, मेल्याचा सांगावा गावोगाव पोचवायचा. मरणाशी सगळ्यात जास्त संबंध आमच्या आजोबा-पणजोबांचा आणि मरणाच्या कागदाशी सगळ्यात कमी! ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले, ते उगाच नव्हे.

वतने गेली, संविधान आले. पंचनाम्याभोवतीचे कोंडाळे मात्र गेले नाही. २९ सप्टेंबर २००६. खैरलांजी. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे यांना गावाने ठेचून मारले. पहिले शवविच्छेदन इतके वरवरचे झाले की प्रेते उकरून दुसरे करावे लागले. पोलीस आणि डॉक्टर निलंबित झाले, तपास सीबीआयकडे गेला. पण पहिल्या दिवसांत जे हरवले ते परत आले नाही. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, परंतु अॅट्रॉसिटीचा गुन्हा सिद्ध झाला नाही आणि विनयभंगाचाही नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मठेप दिली. भैयालाल २०१७ साली न्यायाची वाट पाहतच गेले. खर्ड्याच्या नितीन आगेचा मृतदेह २८ एप्रिल २०१४ रोजी झाडाला लटकलेला सापडला. २०१७ मध्ये साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले.

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीचे प्रकरण मात्र नीट अभ्यासण्यासारखे आहे. १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. आजाराचे कारण पुढे केले गेले. पण शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण लिहिले गेले. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यांनीच करावी, हे बंधन कायद्यात होते. त्या आधारावर त्याची आई उच्च न्यायालयात लढली. ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. प्रेतावरच्या जखमा कागदावर उतरल्या, म्हणून ही आई लढू शकली.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. मोर्चा काढा, पण त्याआधी प्रेतापाशी पोचा. "शेजारपाजारचे प्रतिष्ठित रहिवासी" यात बौद्ध वस्तीतला शिक्षक, निवृत्त कामगार, पदवीधर मुलगी सगळे बसतात. पंच आमच्यातलेही घ्या, असा लेखी अर्ज जागेवरच द्या आणि पोच घ्या. "संशय नाही" हे वाक्य वाचल्याशिवाय कुणालाही सही किंवा अंगठा करू देऊ नका. संशय असेल तर त्याच कागदात लिहायला लावा. शवविच्छेदनाचे चित्रीकरण आणि व्हिसेरा राखून ठेवण्याची मागणी लेखी करा. अकस्मात मृत्यूची नोंद म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ सालीच सांगितले आहे. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ प्रमाणे एफआयआरची प्रत पीडितांना मोफत मिळते. आणि संशय असेल तर दहनाची घाई नको. खैरलांजीत दुसरे शवविच्छेदन होऊ शकले, कारण प्रेते पुरलेली होती. राखेचे शवविच्छेदन होत नाही.

एक कटू गोष्टही सांगतो. प्रत्येक मृत्यू खून नसतो. कर्ज, दारू, घरातला छळ, परीक्षेतले अपयश यांनीही आपली माणसे जातात. ते झाकून खुनाची हाळी दिली तर पुढच्या खऱ्या खुनाच्या वेळी आपला शब्द हलका होतो. गर्दीने जागा तुडवली, कुणी मायेने रक्ताचे कपडे धुऊन टाकले, तर पुरावा आपणच घालवलेला असतो. धम्म आपल्याला जे आहे ते, जसे आहे तसे पाहायला शिकवतो. तेवढे जरी कागदावर उतरले तरी मारेकऱ्याची झोप उडते.

पुढच्या वेळी फोन येईल तेव्हा आम्हाला "पंचनामा झाला" एवढेच ऐकायचे नाही. "वकीलसाहेब, पंचनामा झाला. आम्ही वाचला, जखमा सगळ्या लिहून घेतल्या, दोन सह्या आपल्या आहेत" हे ऐकायचे आहे. मग लढाई न्यायालयात आम्ही लढू.

जय भीम!