रिकाम्या पुंगळ्यांचा धंदा: कीचेन बनवायच्या आधी हे वाचा



हँडमेड गिफ्टच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, बंदुकीच्या गोळीच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून कीचेन, पेन, कानातले बनवायचे आहेत. अमेरिकेतले लोक ऑनलाइन किलोने विकत घेतात. आपल्याकडे कुठे मिळतील, आणि कुरिअरने पाठवता येतील का?" विचारणाऱ्यांत नागपूर, वर्धा, भंडाऱ्याचे लोक जास्त. साहजिक आहे. अंबाझरीची आयुध निर्माणी, भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर, भद्रावती, पुलगावचा दारूगोळा डेपो, सगळं आपल्या आजूबाजूलाच. माल इथेच कुठेतरी पडला असेल असं वाटणारच.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर असं: छंद म्हणून दोन-चार पुंगळ्या घरात ठेवणं आणि त्या विकणं, या कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोळ सगळा इथेच होतो.

पुंगळी म्हणजे नुसतं पितळ नाही

काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी असलेली छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि पुढे गोळी. घोडा दाबला की प्रायमर पेटतो, दारू जळते, गोळी निघून जाते आणि पुंगळी मागे उरते. ती थोडी फुगलेली असते, पण मेलेली नसते. डायमध्ये दाबून मूळ मापाला आणली, नवा प्रायमर आणि दारू भरली, पुढे नवी गोळी बसवली की पुन्हा काडतूस तयार. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे आणि एकदा वापरलेल्या पुंगळ्यांचा तिथे मोठा बाजार आहे. तुम्ही बघता ते व्हिडिओ तिथले. आपल्याकडे घरी काडतूस भरणं म्हणजे विनापरवाना दारूगोळा तयार करणं, गंभीर गुन्हा.

पुंगळी पुन्हा भरता येते, म्हणूनच कायदा तिला भंगार समजून सोडून देत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या आहे आणि त्यात दारूगोळ्याचे सुटे भागही धरले आहेत. आता कलम ४५ चा (ड) पोटभाग बघा. दारूगोळ्याचे किरकोळ भाग कोणी मिळवले, बाळगले किंवा सोबत नेले, आणि ते बाकीच्या भागांशी जोडून वापरायचा हेतू नसेल, तर त्याला हा कायदा लागू होत नाही. आजोबा फौजेत होते, त्यांच्या पेटीत दोन पुंगळ्या सापडल्या, शोकेसमध्ये ठेवल्या, अशा माणसाला आधार आहे तो हा.

पण त्या पोटभागातले शब्द नीट मोजा. मिळवणं, बाळगणं, नेणं. 'विकणं' हा शब्द तिथे नाहीच. विक्रीसाठी वेगळं कलम आहे, कलम ५. त्यात परवान्याशिवाय दारूगोळा विकायला मनाई आहे, आणि नुसती विक्रीच नाही, विक्रीसाठी मांडणं, देऊ करणं, विक्रीच्या हेतूने जवळ ठेवणं हेसुद्धा आलं. म्हणजे एकही पीस विकला गेला नाही, फक्त इन्स्टाग्रामवर फोटो टाकून खाली किंमत लिहिली, तरी प्रश्न उभा राहू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याशिवाय दारूगोळा बाळगण्याला २ ते ५ वर्षं शिक्षा आहे, आणि कलम ५ मोडण्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप. छंदवाला आणि धंदेवाला यांच्यात एवढं अंतर आहे, भाऊ.

तुम्ही म्हणाल, मी तर भोक पाडून, चपटी करून, कडी लावून विकतोय, ती परत भरताच येणार नाही. मुद्दा चांगला आहे. वकील तो कोर्टात ठामपणे मांडेल, कदाचित जिंकेलही. विमानतळावर बॅगेत चुकून काडतूस राहिलेल्या लोकांचे गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयाने अनेकदा रद्द केले आहेत, कारण जाणूनबुजून बाळगल्याचं दिसत नव्हतं. पण 'चुकून राहिलं' हा बचाव प्रवाशाचा आहे. शंभर पीसची ऑर्डर पॅक करणारा माणूस 'मला माहीत नव्हतं' म्हणू शकत नाही. आणि हायकोर्टापर्यंत जाण्याचा खर्च कीचेनच्या मार्जिनमधून निघत नाही.

मग कायदेशीर पुंगळी येते कुठून?

सरकारी भंगार एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीच्या ई-लिलावात विकलं जातं. संरक्षण खात्याचं पितळही त्यात येतं. पण लॉट पितळ वितळवणाऱ्या कारखानदारांच्या मापाचे असतात, अनामत रक्कम, जीएसटी, उचल करण्याची मुदत, सगळं त्याच हिशोबाने. लॉटच्या अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. वितळवण्यासाठी दिलेला माल शोपीस म्हणून फिरवता येत नाही. दारूगोळ्याशी संबंधित लॉट असेल तर स्फोटकमुक्त असल्याचं प्रमाणपत्र, डिलिव्हरी ऑर्डर, गेटपास आणि बिल हे चार कागद हातात नसताना मालाला हात लावू नका.

नेमबाजी क्लब किंवा परवानाधारक नेमबाज हा छंदवाल्यासाठी सोपा रस्ता. क्लबच्या पदाधिकाऱ्याकडून लेखी घ्या: कोणत्या मापाच्या, किती, कशासाठी. प्रत्येक पुंगळीच्या बुडाशी प्रायमरवर पिनचा खळगा दिसतोय का, ते बघा. खळगा नसेल तर ती न उडालेली असू शकते, परत द्या. घरी ठोकून बघणं अजिबात नाही. मिळालेल्या पुंगळीला बाजूने आरपार भोक पाडून घ्या, म्हणजे ती पुन्हा भरण्यालायक नाही हे बघताच कळतं. आणि हात धुवा, कारण बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, त्याची काजळी आत चिकटलेली असते. जेवणाच्या टेबलावर पॉलिश करत बसू नका, लेकरांना तर देऊच नका.

कबाडीकडे मिळतील का? मिळतीलही. पण त्याला विचारा, तुला कुठून मिळाल्या. तो सांगणार नाही. तिथेच विषय संपवा. चोरीचा माल घेतल्याचं लफडं वेगळंच, वर जीएसटीचाही हिशोब आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्या विक्रेत्याकडून नोंदणीकृत धंद्याने धातूचं भंगार घेतलं तर कर घेणाऱ्याने भरायचा असतो.

फायरिंग रेंजवरून वेचून आणलेल्या मालाबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या जागेवर स्फोट झाला आणि ६ माणसं गेली. त्यात पोटासाठी मजुरीला आलेले आजूबाजूच्या गावांतले लोक होते. तिथे तर अधिकृत काम चालू होतं, देखरेखीखाली. नगरजवळच्या खारे कर्जुने भागात लष्करी रेंजमधलं भंगार वेचताना, फोडताना माणसं मेल्याच्या बातम्या आल्या आहेत. न फुटलेला शेल आणि रिकामं पितळ मातीत पडल्यावर सारखंच दिसतं. तुम्ही किलोला चांगला भाव देतो म्हटलं की कोणाचं तरी पोरगं रात्री कुंपणाच्या आत जातं. अशा मालाचं गिऱ्हाईक होऊ नका.

परदेशातून मागवू? तेही नाही. काडतुसं आणि त्यांचे भाग परवान्याशिवाय आयात करता येत नाहीत. २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या कारखान्यात आयात भंगारातल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन कामगार मेले, तेव्हापासून नियम आणखी घट्ट झाले. आज धातूच्या आयात भंगारात जिवंत काय, वापरलेलं काडतूसही चालत नाही, असं परकीय व्यापाराच्या कार्यपद्धतीत लिहून ठेवलंय.

नागपूरकरांचा एक नेहमीचा गोंधळ इथेच मिटवतो. सेमिनरी हिल्सला स्फोटक सुरक्षा संघटनेचं, म्हणजे 'पेसो'चं मुख्यालय आहे, म्हणून लोक तिकडे चौकशीला जातात. पेसो बघते स्फोटकं, पेट्रोलियम, गॅस सिलिंडर. शस्त्र कायद्याचा विषय शहरात पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. लेखी अर्ज तिथे द्या, पोच घ्या. तोंडी 'चालतंय हो' याला किंमत शून्य.

हिशोब केला का?

९ मिमीच्या पुंगळीचं वजन साधारण ४ ग्रॅम. किलोत अडीचशे बसतात. पितळ ५०० रुपये किलो धरलं तर एका पुंगळीत २ रुपयांचं पितळ झालं. म्हणजे दीडशे-दोनशे रुपयांच्या कीचेनमध्ये तुम्ही जन्मठेपेच्या कलमाशी खेळताय ते २ रुपयांच्या धातूसाठी. गिऱ्हाईक पैसे देतं ते आकाराला, चकाकीला, त्यावर कोरलेल्या नावाला.

हाच आकार पितळी रॉडमधून लेथवर काढता येतो. हिंगणा एमआयडीसीत टर्निंगचं जॉबवर्क करणारे आहेत, जास्त नग हवे असतील तर जामनगरचे पितळी पार्टवाले नमुन्यावरून करून देतात. चुरा परत देऊन रॉडच्या बिलात वजावट मिळते, ती बोलून घ्या. आपल्या भंडाऱ्याची ओळखच पितळेच्या भांड्यांची, तिथल्या कारागिराचा हात लागला तर माल वेगळाच दिसेल. खऱ्या मापाची हुबेहूब नक्कल मात्र करू नका. बूड भरीव ठेवा, प्रायमरची जागा कोरू नका, आत पोकळी नको. भरताच येणार नाही असा तुकडा हवा.

पाठवताना

खऱ्या पुंगळ्या कुरिअरने पाठवू नका, छंदवाल्या मित्रालाही नाही. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या मनाई यादीत शस्त्रं आणि दारूगोळा असतो, काहींच्या यादीत त्यांचे भाग आणि नकलाही. न उडालेला प्रायमर असलेली रिकामी पुंगळी तर आंतरराष्ट्रीय वाहतूक नियमांत स्फोटक वर्गात मोडते, यूएन ००५५ या क्रमांकाखाली. चुकीचं वर्णन लिहून पाठवलं तर साध्या प्रश्नाचा गुन्हा होतो.

लेथवर बनवलेला माल पाठवतानाही एक्स-रेवाल्याला पडद्यावर गोळीचाच आकार दिसणार, हे धरून चला. आधी कुरिअर शाखेत नमुना दाखवा, त्यांचा होकार ईमेलवर घ्या, रस्त्याने जाणारी सेवा निवडा. बिलावर 'पितळी शोभेची कीचेन, भरीव' असं स्पष्ट लिहा आणि जॉबवर्कच्या बिलाची प्रत पार्सलमध्ये टाका. 'बुलेट' हा शब्द ना लेबलवर, ना पाकिटावर. सोबत गिऱ्हाइकासाठी छोटी चिठ्ठी ठेवा, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत: "ही भरीव पितळेची शोभेची वस्तू आहे, काडतूस नाही. विमानप्रवासात सोबत नेऊ नका."