अंतर आणि अवधी : मुंबई–लंडन विमानमार्गाचे उदाहरण

एखादे गाव ‘दहा मैलांवर’ असते, तसेच ते ‘दोन तासांवर’ही असते. मराठीतील ‘-वर’ हे एकच रूप लांबी आणि काल या दोहोंना चालते. जुन्या काळी ‘कोस’ हे लांबीचे माप होते, तर ‘मजल’ म्हणजे एका दिवसाची वाटचाल. चालण्याचा वेग ठरावीक असल्यामुळे एका मापावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येई. विमानप्रवासात मात्र ही दोन मापे परस्परांपासून विलग होतात. मुंबई व लंडन ही शहरे याचे चांगले उदाहरण होत.

गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे बृहद्‌वृत्ताचा, अर्थात गोलाच्या मध्यातून जाणाऱ्या प्रतलावरील वर्तुळाचा, कंस होय. या मार्गाने मुंबई–लंडन अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला निघाले, तेव्हाही ते तेवढेच होते. बदलला तो अवधी.

शिवाय हा अवधी जाता-येता समान नसतो. मध्य अक्षांशांवर, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर असून वारा सरासरी ताशी ८० किलोमीटर आहे. लंडनकडे जाताना जमिनीच्या सापेक्ष वेग ८२० राहील व ८ तास ४७ मिनिटे लागतील. परतताना तो ९८० होऊन ७ तास २१ मिनिटे पुरतील. वारा नसता तर दोन्ही फेऱ्यांस मिळून १६ तास लागले असते. येथे १६ तास ८ मिनिटे लागतात. प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक काळ राहते, म्हणून जाताना झालेला तोटा परतीच्या प्रवासात पूर्णपणे भरून निघत नाही. उड्डाण, अवतरण आणि मार्गातील वळसे यांमुळे प्रत्यक्ष अवधी याहूनही वाढतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश बंद होते. तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना लांबचा मार्ग धरावा लागला.

वेळापत्रक वाचतानाही सावधगिरी हवी. त्यातील वेळा स्थानिक असतात आणि लंडनचे घड्याळ मुंबईच्या मागे, हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तास, चालते. हिवाळ्यात दुपारी एक वाजता मुंबईहून निघून सायंकाळी साडेपाचला लंडनला उतरणारा प्रवासी साडेचार नव्हे, तर दहा तास प्रवास करतो.

तात्पर्य, ‘लंडन किती दूर?’ या प्रश्नाला किलोमीटरांत एकच उत्तर आहे. तासांत मात्र दिशा, ऋतू आणि मार्ग सांगितल्यावाचून उत्तर देता येत नाही. ‘कोस’ आणि ‘मजल’ हे दोन शब्द भाषेने वेगळे राखले होते, ते सार्थच म्हटले पाहिजे.